उशीर कोठें होतो?

(नभोवाणीवरील भाषण)



बँकेच्या किंवा टपालकचेरीच्या खिडकीपाशीं आपण उभे असतां पलीकडचा कारकून पडद्याकडे पाहत स्वस्थ बसतो आणि म्हणतो, "सर्व्हर स्लो आहे." हें वाक्य आतां आपल्या बोलण्यांत इतकें रुळलें आहे कीं, त्याचा अर्थ विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. पाऊस लांबला, गाडी चुकली, सर्व्हर स्लो आहे, सारेंच दैवाधीन! माझा व्यवसाय या वाक्याचा अर्थ लावण्याचा आहे. नोंदींचीं जीं मोठमोठीं दप्तरें संगणकावर ठेवलेलीं असतात, ज्यांना आपण डेटाबेस म्हणतों, तीं सांभाळण्याचें काम मी कित्येक वर्षें करीत आलों आहें. आज त्यांतील एकाच दुखण्याविषयीं बोलावयाचें आहे. डेटाबेसला प्रश्न विचारला, उत्तर उशिरां आलें, आणि तो उशीर डिस्कमुळें झाला, हें ओळखावें कसें? विषय आपणांस रुक्ष वाटेल. परंतु ज्या ठिकाणीं मी तें ओळखावयास चुकलों, तें एक रुग्णालय होतें, आणि माझ्या चुकीचा भुर्दंड मी सोडून इतर सर्वांनीं सोसला. म्हणून मला स्वतःला तो तितकासा रुक्ष वाटत नाहीं.

रुग्णालय धर्मादाय होतें. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथील प्रयोगशाळेंत होणाऱ्या रक्ताच्या व इतर तपासण्यांचे निकाल पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसमध्यें सांठविले जात. वॉर्डांत फेरी चालू असतां डॉक्टरांनीं रुग्णाचा क्रमांक दाबला कीं, त्याचे मागचे सारे निकाल पडद्यावर यावे, अशी ती योजना. सहा वर्षें ती निर्वेध चालली. मग एका पावसाळ्यांत तक्रारी येऊं लागल्या कीं, सकाळीं नऊ ते अकराच्या दरम्यान निकाल उघडण्यास पाऊण पाऊण मिनिट लागतें. पाऊण मिनिटांत असें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. परंतु तीस खाटांची फेरी करणारा तरुण डॉक्टर प्रत्येक खाटेपाशीं पाऊण मिनिट थांबत नाहीं. तो म्हणतो, "राहूं द्या, पुन्हां रक्त पाठवा." आणि ज्याचें रक्त कालच काढलें होतें, त्याला आज पुन्हां सुई टोचली जाते. डायालिसिसवर असलेल्या रुग्णाच्या हाताच्या शिरा किती जपाव्या लागतात, हें ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे त्यांना मीं सांगावयास नको.

वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेनें मला पहिल्याच दिवशीं सांगितलें, "साहेब, रात्रपाळीला पटकन उघडतं हो. सकाळीच अडतं. आणि जुन्या पेशंटचंच जास्त अडतं." मीं मान डोलविली आणि तें विसरून गेलों. रोगाचें संपूर्ण निदान त्या तीन वाक्यांत होतें, हें मला सहा आठवड्यांनीं उमगलें.

मीं त्या दिवशीं पाहिलें तें निराळेंच. लिनक्स नांवाची जी कार्यप्रणाली अशा यंत्रांवर असते, ती यंत्रावरील भार एका आंकड्यानें दाखविते. यंत्राच्या प्रोसेसरमध्यें आठ कोअर, म्हणजे आठ काम करणारे हात. आणि भाराचा आंकडा तीसच्या वर. आठ हातांवर तिसांचें काम पडलें आहे, असा सरळ अर्थ मीं घेतला आणि विश्वस्तांना लेखी सल्ला दिला कीं, प्रोसेसर अपुरा पडतो, दुप्पट कोअरांचें नवें यंत्र घ्यावें. त्यांनीं तें घेतलें. पैसे देणगीचे होते. दोन्ही डिस्क मात्र चांगल्या आहेत, उगीच कशाला बदलावयाच्या, म्हणून जुन्याच काढून नव्या यंत्रांत बसविल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊ वाजतां निकाल उघडण्यास पाऊण मिनिट लागलें.

त्या आंकड्याची गंमत अशी आहे कीं, इतर कित्येक प्रणालींत भार म्हणजे प्रोसेसरवर चाललेलीं व प्रोसेसरची वाट पाहणारीं कामें. लिनक्समध्यें १९९३ सालापासून त्यांत आणखी एक वर्ग मिळविलेला आहे: जीं कामें डिस्ककडून उत्तर येईपर्यंत जागच्या जागीं खिळून राहिलीं आहेत, तींही भारांत धरतात. त्यामुळें प्रोसेसर जांभया देत बसला असतांहि भाराचा आंकडा तीस होऊं शकतो. हें मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि वेळेवर आठवणें यांत किती अंतर असतें, हें त्या नव्या यंत्राच्या बिलाकडे पाहून कळलें.

आतां डिस्क म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. ज्यांनीं ग्रामोफोन पाहिला आहे त्यांना समजण्यास जड जाणार नाहीं. चकचकीत तबकडी अखंड फिरत असते, तिच्यावर एक दांडी आंत-बाहेर सरकते, आणि दांडीच्या टोंकाशीं लिहिण्या-वाचण्याचें सूक्ष्म डोकें असतें. नेहमींच्या प्रकारची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हवी ती नोंद डोक्याखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा लागतो, म्हणजे चार मिलिसेकंदांहून किंचित् अधिक. आणि दांडी योग्य त्या वर्तुळावर नेण्यास सुमारें आठ. एकूण बारा मिलिसेकंद. डोळ्याचें पातें लवण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. परंतु तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्या वेळांत ३ कोटी ६० लाख ठोके मोजून मोकळा होतो. दुसऱ्या मापानें सांगावयाचें तर, यंत्राच्या मेमरींतून एक नोंद वाचण्यास लागणारा वेळ एक सेकंद मानला, तर तीच नोंद फिरत्या डिस्कवरून आणण्यास एक दिवस नऊ तास लागतील.

येथें एक खुलासा अवश्य आहे. डिस्क सलग वाचावयाची असेल तर ती मुळींच मंद नाहीं. सुई एकदां ठिकाणावर बसली कीं, पुढचें गाणें आपोआप वाजत जातें. सेकंदाला शंभर-दीडशें मेगाबाइट अगदीं सहज. मंदपणा आहे तो सुई उचलून दुसरीकडे ठेवण्यांत. प्रत्येक वेळीं नव्या ठिकाणचें पान मागितलें, तर एक डिस्क सेकंदाला सुमारें ऐंशी पानें देऊं शकते. हा ऐंशीचा आंकडा कृपा करून लक्षांत ठेवावा. पुढचा सारा हिशेब त्यावरच आहे.

आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं पहिली डिस्क बाजारांत आणली. रॅमॅक हें त्या यंत्राचें नांव. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन एक टनाच्या वर, आणि या सगळ्या पसाऱ्यांत सांठवण ५० लाख अक्षरांची. एक नोंद शोधण्यास सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आज तळहातावर मावणारी डिस्क २० टेराबाइट सांठविते. म्हणजे भांडार सुमारें चाळीस लाख पटींनीं वाढलें. आणि शोधण्याचा वेळ? सहाशेंचे बारा झाले, म्हणजे अवघा पन्नास पटींनीं कमी. या दोन आंकड्यांमध्यें जी दरी आहे, तिच्यांतच माझ्यासारख्यांचा चरितार्थ चालतो.

बरें, ही दरी वापरणाऱ्याला दिसत नाहीं. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं जी नवी उपपत्ति मांडली, तिच्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. तिचें मर्म असें कीं, विचारणाऱ्यानें काय हवें तेवढेंच सांगावें. कोठून आणि कसें आणावयाचें, तें यंत्रानें पाहावें. सोय मोठी खरी. परंतु तिच्यामुळें एक ओळीच्या प्रश्नामागें तीन पानें उलटावीं लागतात कीं तीन लाख, हें प्रश्नाच्या तोंडावळ्यावरून ओळखतां येत नाहीं. दोन प्रश्न जुळ्या भावांसारखे दिसतात. एकाचें उत्तर क्षणांत येतें आणि दुसऱ्यासाठीं चहा मागवावा लागतो.

असो. नवें यंत्र घेऊनहि उशीर तसाच राहिल्यावर मी पुन्हां रुग्णालयांत गेलों. या खेपेस मात्र सकाळीं साडेआठलाच जाऊन बसलों. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तींत अर्धें काम आहे. पहिल्या भेटींत मी दुपारीं तीन वाजतां हातानें प्रश्न टाकून पाहत होतों, आणि उत्तर येत होतें. तेंहि कसें? एका रुग्णाचा क्रमांक घातला, थोडा वेळ लागला. खात्री करावी म्हणून तोच क्रमांक पुन्हां घातला, उत्तर तात्काळ! मीं समजलों, यंत्र ठीक आहे. वास्तविक पहिल्या प्रश्नानें डिस्कवरचीं पानें मेमरींत आणून ठेवलीं होतीं. दुसऱ्यानें तीं तेथूनच उचललीं. तोच प्रश्न दोनदां विचारून परीक्षा करणें म्हणजे विद्यार्थ्याला उत्तर सांगून मग प्रश्न विचारण्यासारखें आहे.

नऊ वाजले आणि मीं दोन साध्या साधनांकडे पाहिलें. एकाचें नांव व्हीएमस्टॅट, दुसऱ्याचें आयओस्टॅट. दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्ही कोणी फारसें उघडत नाहीं. पहिल्यानें दाखविलें कीं, सोळा कोअरांचा तो नवा कोरा प्रोसेसर शेंकडा सहा भाग वेळ काम करीत होता. सत्तर भाग वेळ ज्या रकान्यांत पडला होता, तो रकाना डिस्कच्या प्रतीक्षेचा. दुसऱ्या साधनानें तीन आंकडे दिले. डिस्कवरून सेकंदाला १६० वाचनें होत होतीं. प्रत्येक वाचनास, मागणी केल्यापासून पान हातीं पडेपर्यंत, सरासरी २०० मिलिसेकंद लागत होते. आणि रांगेंत कोणत्याहि क्षणीं ३२ मागण्या उभ्या होत्या.

या तीन आंकड्यांचें परस्परांशीं नातें आहे. जॉन लिटल या अमेरिकन गणित्यानें १९६१ सालीं तें सिद्ध केलें: रांगेंतील माणसें म्हणजे दर सेकंदाला येणारीं माणसें गुणिलें प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. १६० ला सेकंदाच्या पांचव्या भागानें गुणा, ३२ येतात. हिशेब जुळला म्हणजे साधनें खोटें बोलत नाहींत, एवढा भरंवसा मिळतो. आणि ३२ हा आंकडा पाहतांच माझे कान तापले. भाराचा जो तीसच्या वरचा आंकडा पाहून मीं प्रोसेसर विकत घ्यावयास लावला होता, तो हाच. तीं बत्तीस कामें प्रोसेसरच्या दारांत कधींच उभीं नव्हतीं.

आतां खरा निवाडा. प्रत्येक वाचनास २०० मिलिसेकंद लागतात, एवढ्यावरून डिस्क बिघडली आहे असें म्हणावयाचें काय? नाहीं. दोन डिस्क, त्या एकमेकींच्या प्रतिकृति असल्यामुळें वाचन दोघींत वांटलें जातें. प्रत्येकीकडून ऐंशी, म्हणजे १६०. डिस्क आपल्या पूर्ण ताकदीनें काम करीत होती. दोनशें मिलिसेकंदांतले बारा तिचे स्वतःचे. उरलेले १८८ रांगेचे. दवाखान्यांत दोन तास गेले म्हणून डॉक्टरांनीं दोन तास तपासलें असें आपण म्हणत नाहीं. रांग लांब आणि वाचनें डिस्कच्या कमाल मर्यादेपाशीं, तर डिस्क निरोगी आहे, तिच्यावर ओझें जास्त आहे. याउलट रांग आंखूड, वाचनें थोडीं, आणि तरीहि प्रत्येकास वेळ फार, तर मात्र डिस्कमध्येंच कांहींतरी बिघाड आहे.

या दुसऱ्या प्रकारचा एक किस्सा सांगण्याचा मोह आवरत नाहीं. ब्रेंडन ग्रेग नांवाचे एक अभियंते आहेत. २००८ सालच्या अखेरीस त्यांनीं एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तींत ते डिस्कांच्या मांडणीपुढें उभे राहून मोठ्यानें ओरडतात, आणि शेजारच्या पडद्यावरील आलेखांत त्याच क्षणीं डिस्कच्या उत्तराला लागणारा वेळ एकदम उसळलेला दिसतो. आवाजाच्या कंपनानें डोकें वर्तुळावर स्थिर राहीना. यंत्रावर रागावल्यास तें आणखी मंद होतें, याचा एवढा उघड पुरावा मीं दुसरा पाहिलेला नाहीं.

आमच्या रुग्णालयांत कोणी ओरडत नव्हतें. प्रश्न उरला तो इतकाच कीं, या १६० मागण्या धाडतो कोण? पोस्टग्रेसमध्यें एक पुरवणी बसवितां येते. ती प्रत्येक प्रकारच्या प्रश्नापुढें त्याला लागलेला एकूण वेळ आणि त्यानें मागविलेलीं पानें यांची बेरीज मांडून ठेवते. तिच्यांत दोन नांवें सर्वांच्या वर होतीं. पहिला अर्थातच डॉक्टरांचा प्रश्न: या रुग्णाचे सारे निकाल दाखवा.

या प्रश्नाला सूची नव्हती काय? होती, आणि उत्तम होती. अशा सूचीची रचना रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट या दोघांनीं बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७० च्या सुमारास शोधून काढली, ती डिस्कचा हा संथपणा ओळखूनच. सूचीच्या प्रत्येक पानावर समजा तीनशें फांटे आहेत. तर तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत आणि चार पायऱ्यांत ८१० कोटींपर्यंत पोहोंचतां येतें. वरच्या पायऱ्या तर सदैव मेमरींतच असतात. तेव्हां सूचीनें आपलें काम चोख केलें होतें. पुस्तकाच्या शेवटची सूची आपणांस सांगते कीं, अमुक नांव पृष्ठें ७, ९१, १४०, ३६२ वर आहे. तीं पृष्ठें उलटण्याचें काम आपलेंच असतें.

पोस्टग्रेसला प्रश्नाबरोबर एक्स्प्लेन हा शब्द व त्याचे दोन उपशब्द जोडले असतां तो उत्तर काढतांना किती पानें चाळलीं तें सांगतो. त्यांत हिट म्हणजे त्याला स्वतःच्या मेमरींत सांपडलेलीं, आणि रीड म्हणजे बाहेरून आणावीं लागलेलीं. येथेंहि एक फसगत आहे. बाहेरून म्हणजे डिस्कवरूनच असें नव्हे. कार्यप्रणालीनें तीं आपल्या मेमरींत आधींच आणून ठेवलेलीं असूं शकतात. म्हणून वाचनास लागलेला वेळ मोजण्याचा एक खटका आहे, तो चालू करावा, म्हणजे संशय राहत नाहीं. मीं एक जुना रुग्ण घेतला. सहा वर्षें दर आठवड्यास येणारा. त्याचे ३०० निकाल होते. ते ज्या ज्या दिवशीं आले त्या त्या दिवसाच्या पानांवर, इतर हजारों रुग्णांच्या निकालांमध्यें विखुरलेले. त्यांसाठीं २४० पानें डिस्कवरून आणावीं लागलीं, एकामागून एक.

आतां गुणाकार करून पाहा. रात्रीं डिस्क मोकळी असते: २४० पानें, प्रत्येकी बारा मिलिसेकंद, जवळजवळ तीन सेकंद. सकाळीं रांग असते: २४० पानें, प्रत्येकी दोनशें, अठ्ठेचाळीस सेकंद. आणि कालपरवां दाखल झालेल्या रुग्णाचे दहा निकाल ताज्या पानांवर, म्हणजे मेमरींतच असतात. ते तात्काळ उघडतात. रात्रपाळीला पटकन उघडतें, सकाळींच अडतें, जुन्या रुग्णाचेंच अडतें! ज्या तीन वाक्यांवर मीं मान डोलविली होती, तीं मला अंकगणितानें पुन्हां ऐकविलीं.

तरी एक शंका राहिली. सहा वर्षें हें यंत्र नीट चाललें, मग एकाच पावसाळ्यांत कां अडावें? नोंदी तर हळूहळू वाढतात. याचें उत्तर मेमरींत आहे. यंत्राची मेमरी १६ गिगाबाइट. निकालांचा तक्ता तेवढा होईपर्यंत हवीं तीं पानें बहुधा मेमरींतच सांपडत. शंभर मागण्यांपैकीं एक डिस्ककडे जाई. तक्ता फुगून ४० गिगाबाइट झाला, आणि शंभरांतल्या तीन मागण्या डिस्ककडे जाऊं लागल्या. अहवालांत हें कसें दिसतें? पूर्वीं नव्याण्णव टक्के, आतां सत्त्याण्णव. परीक्षेंत सत्त्याण्णव गुण मिळाले तर आपण पेढे वांटतों. येथें त्याचा अर्थ डिस्कचें काम तिप्पट झालें असा आहे. जी डिस्क एक-तृतीयांश ताकदीनें आरामांत चालली होती, ती कांठोकांठ भरली. आणि कांठ आला म्हणजे रांग हळूहळू वाढत नाहीं, एकदम वाढते. माझ्या व्यवसायांतील पुष्कळ लोक या टक्केवारीची मोठी ख्याति गातात. मी ती पाहणें सोडून दिलें आहे. किती सांपडलीं याहून किती सांपडलीं नाहींत हें पाहावें.

आणि दुसरें नांव? तो कचेरीचा रोजचा गोषवारा होता. किती तपासण्या झाल्या, कोणत्या विभागाच्या, किती मोफत. रोज सकाळीं नऊ वाजतां तो आरंभापासून अखेरपर्यंत सारा तक्ता वाचून काढी. एकटाच असता तर डिस्कनें तें सलग गाणें साडेचार-पांच मिनिटांत वाजविलें असतें. परंतु मध्यें मध्यें तीस पडद्यांवरून डॉक्टरांच्या मागण्या येत. सुई तिकडे धांवे, परत येई, पुन्हां धांवे. पांच मिनिटांचें काम दोन तास चाले, आणि तेवढ्यांत मेमरींतलीं उपयोगाचीं पानें ढकलून तेथें आपलीं निरुपयोगी पानें भरी. हा गोषवारा कोणी लिहिला, म्हणून मीं चौकशी केली. त्याच वर्षीं मे महिन्यांत विश्वस्तांच्या सांगण्यावरून तो मींच लिहून दिला होता.

उपचार निदानाच्या मानानें सोपे असतात. गोषवारा पहांटे तीन वाजतां हलविला. विश्वस्तांना तो सकाळीं चहाबरोबरच मिळूं लागला, तेव्हां त्यांची तक्रार नव्हती. त्याच दिवशीं प्रत्येक वाचनाचा वेळ दोनशेंवरून साठ मिलिसेकंदांवर आला. आमचा तो जुना रुग्ण अठ्ठेचाळीसाच्या जागीं चौदा सेकंदांत उघडूं लागला. चौदा सेकंद तरी डॉक्टर थांबतो काय? म्हणून दुसरा उपाय केला. तक्त्यांतील सर्व नोंदी रुग्णाच्या क्रमानें पुन्हां रचून घेतल्या. एक निकाल सुमारें २०० बाइटांचा, एक पान आठ किलोबाइटांचें, म्हणजे एका पानावर चाळीस निकाल. तीनशें निकाल, जे २४० पानांवर पसरले होते, ते शेजारीं शेजारीं बसविले असतां आठ पानांत मावले. या रचनेच्या वेळीं तक्ता पूर्ण बंद ठेवावा लागतो आणि जुन्याइतकीच जागा डिस्कवर आणखी लागते. शनिवारच्या रात्रीं चार तास हें काम चाललें. तेवढा वेळ प्रयोगशाळेनें निकाल वहींत लिहिले. सोमवारीं सकाळीं नऊ वाजतां मी वॉर्डांत उभा होतों. क्रमांक दाबला आणि बोट उचलण्याच्या आंत निकाल पडद्यावर आले.

हा उपाय कायमचा नाहीं. नव्या नोंदी शेवटींच जमतात आणि पुन्हां विखुरतात. म्हणून दर तीन महिन्यांनीं एक रात्र द्यावी लागते.

वेळ थोडा उरला आहे, तरी लिहिण्याच्या बाजूनें होणाऱ्या उशिराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण बँकांत दुखणें बहुधा तिकडचें असतें. पैसे जमा झाले असें डेटाबेस तेव्हांच म्हणतो, जेव्हां ती नोंद डिस्कवर खरोखर उमटते. मेमरींत असून भागत नाहीं, कारण वीज गेली कीं मेमरी पुसली जाते. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एकामागून एक अशा पक्क्या नोंदी एका खिडकीवरून त्याहून फारशा अधिक होऊं शकत नाहींत. ही अडचण टाळण्यासाठीं डिस्कच्या नियंत्रकांत थोडी मेमरी आणि तिला जगविणारी एक लहानशी बॅटरी बसवितात. नोंद त्या मेमरींत पडली कीं ती पक्की मानावयाची. दोनचार वर्षांनीं बॅटरी निकामी होते, आणि नियंत्रक, जसें करावयास हवें तसेंच, सावधपणानें ती मेमरी वापरणें बंद करतो. कोणी कांहीं बदललेलें नसतें, प्रश्न तेच, नोंदी तेवढ्याच. आणि एका सकाळपासून सारा व्यवहार दहापटीनें मंदावतो. लोक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास धरतात. अशा वेळीं मी प्रथम बॅटरी विचारतों.

आतां फिरणाऱ्या डिस्क जाऊन त्यांच्या जागीं सर्वत्र एसएसडी येत आहेत. त्यांत तबकडी नाहीं, दांडी नाहीं, आणि एक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागांत होतें. मग हें सारें इतिहासजमा झालें काय? तितकेंसें नाहीं. एसएसडी एकाच वेळीं अनेक मागण्या पुरविते. म्हणून तिच्या बाबतींत शंभर टक्के व्यग्र हा आयओस्टॅटचा आंकडा फसवा ठरतो. एखादी तरी मागणी हातीं होती, एवढाच त्याचा अर्थ. आणखी मागण्या ती पेलूं शकली नसती असा नव्हे. रांगेची लांबी व प्रत्येक मागणीचा वेळ पाहूनच ठरवावें. शिवाय हल्लीं पुष्कळ संस्था यंत्र विकत न घेतां दूरच्या कंपनीकडून भाड्यानें घेतात. तेथें सेकंदाला किती वाचनें करावयाचीं, याचा शिधा ठरलेला असतो. कांहीं योजनांत जास्तीचा शिधा सांठवून ठेवतां येतो आणि गर्दीच्या वेळीं तो खर्च होतो. त्यामुळें पहिला अर्धा तास सारें सुरळीत चालतें आणि मग एकाएकीं अडतें. यंत्रांत दोष शोधून सांपडत नाहीं. दोष करारपत्रांत असतो.

त्या रुग्णालयानेंहि पुढच्या वर्षीं एसएसडी घेतल्या. नव्या यंत्राचे सोळा कोअर आजहि बहुतांशीं रिकामेच बसलेले असतात. विश्वस्तांच्या सभेंत मीं सांगितलें कीं, तें यंत्र माझ्या चुकीच्या सल्ल्यामुळें घेतलें गेलें, तेव्हां त्याची किंमत माझ्या मेहनतान्यांतून वळती करून घ्यावी. त्यांनीं निम्मी घेतली. बाहेर पडतांना जिन्यावर मुख्य परिचारिका भेटल्या. मीं त्यांना म्हटलें, "सिस्टर, तुम्ही मला पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें." त्या म्हणाल्या, "हो, सांगितलं होतं की." आणि औषधांचा ट्रे घेऊन वॉर्डांत गेल्या.